लॅपटॉपवर जीपीएस नेव्हिगेशन: लांबच्या गाडीप्रवासासाठी सॉफ्टवेअर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. खरं तर तो तिसऱ्या क्रमांकावर यायला हवा. आधी नकाशा किती ताजा आणि ऑफलाइन मिळतो का ते बघायचं, मग जागा कळवणारा रिसीव्हर, आणि त्यानंतर सॉफ्टवेअर. खालची उत्तरं याच समजुतीने लिहिली आहेत. उदाहरणं महाराष्ट्र, गोवा आणि लडाखच्या रस्त्यांची आहेत, पण पद्धत कुठेही चालते.

## फोनवर सगळं होत असताना लॅपटॉप कशाला?

वळणावळणाला आवाजी सूचना हव्या असतील तर फोनच बरा. लॅपटॉप लागतो तो आखणीसाठी. आठ-दहा दिवसांचा दौरा, रोज तीन-चार थांबे, कुठला घाट घ्यायचा, कुठला टाळायचा, रोजचे किलोमीटर किती: हे सहा इंची पडद्यावर बोटाने सरकवत ठरवणं जिकिरीचं असतं. पंधरा इंची पडद्यावर पूर्ण जिल्हा आणि त्यातले फाटे एकदम दिसतात.

दुसरा उपयोग शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला. रस्ता बंद निघाला, पूल वाहून गेला, तर मोठ्या नकाशावर पर्यायी वाट शोधणं सोपं जातं. म्हणून आमचा सल्ला असा: आखणी लॅपटॉपवर, चालकाला सूचना फोनवर, आणि लॅपटॉप सहप्रवाशाकडे. एकट्याने गाडी चालवणार असाल तर चालत्या गाडीत लॅपटॉप उघडूच नका.

## माझ्या लॅपटॉपमध्ये जीपीएस आहे का?

बहुधा नाही. विंडोजमध्ये ‘लोकेशन’ चालू दिसतं म्हणून पुष्कळांची फसगत होते. ते स्थान आजूबाजूच्या वायफाय राउटरवरून आणि इंटरनेटवरून अंदाजाने काढलेलं असतं. शहरात ते बरंच जवळ येतं. ताम्हिणीत किंवा आंबोलीत, जिथे राउटरही नाही आणि नेटही नाही, तिथे काहीच मिळत नाही.

सिमकार्ड घालायची सोय असलेल्या काही कार्यालयीन लॅपटॉपमध्ये मोडेमच्या चिपमध्येच जीपीएस असतं. खात्री करायची सोपी रीत: वायफाय बंद करा, मोबाइल डेटा बंद करा, उघड्या गच्चीवर जा आणि दहा मिनिटं थांबा. स्थान आलं तर जीपीएस आहे. नाही आलं तर यूएसबी रिसीव्हर घ्यायला लागेल.

## रिसीव्हर कोणता घ्यावा?

बाजारात दोन प्रकार दिसतात. एक पेनड्राइव्हसारखा थेट पोर्टमध्ये बसणारा, उदाहरणार्थ व्हीके-१७२. दुसरा वायरीचा, तळाला चुंबक असलेला, उदाहरणार्थ व्हीके-१६२ किंवा ग्लोबलसॅटचा बीयू-३५३ मालिकेतला. गाडीसाठी वायरीचाच घ्या. लॅपटॉप मांडीवर असतो, वर पत्र्याचं छत असतं, आणि पेनड्राइव्हसारखा रिसीव्हर बरोबर त्याच सावलीत अडकतो. वायरीचा असला की डॅशबोर्डवर काचेखाली ठेवता येतो.

चिप यू-ब्लॉक्स कंपनीची, आठव्या पिढीची किंवा त्यानंतरची असावी. अशी चिप अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास आणि इतर मालिकांचे उपग्रहही वापरते. घाटात अर्धं आकाश कड्याने झाकलेलं असतं, तेव्हा उरलेल्या अर्ध्यात चार उपग्रह मिळणं हाच कळीचा मुद्दा ठरतो. ‘एसबीएएस’ असं लिहिलेलं असेल तर आणखी चांगलं. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या गगन प्रणालीचे दुरुस्ती संदेश त्यामुळे वापरता येतात.

वेगळा रिसीव्हर घ्यायचा नसेल तर अँड्रॉइड फोनमधलं स्थान ब्लूटूथने किंवा हॉटस्पॉटवरून लॅपटॉपला पाठवणारी ॲप आहेत. तात्पुरती सोय म्हणून ठीक, पण फोनची बॅटरी झपाट्याने उतरते आणि फोनने ॲप झोपवलं की नकाशावरचा बाण जागच्या जागी थिजतो. हा मार्ग घेतलात तर त्या ॲपसाठी बॅटरी बचत बंद करून ठेवा.

## रिसीव्हर लावला, दिवाही लागला, पण सॉफ्टवेअरला तो दिसत नाही. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. कारणं ठरावीक आहेत, म्हणून क्रमाने बघा.

पहिलं, विंडोजने चुकीचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, बसवला. यू-ब्लॉक्स चिपचा रिसीव्हर लावताच विंडोज १० आणि ११ त्याला ‘लोकेशन सेन्सर’ समजून तसा ड्रायव्हर आपोआप बसवतात. मग कॉम पोर्ट, म्हणजे प्रोग्रॅमला रिसीव्हरचा डेटा वाचता येईल अशी जोडणी, तयारच होत नाही, आणि जुन्या धाटणीचं नेव्हिगेशन सॉफ्टवेअर तर कॉम पोर्टच मागतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘सेन्सर्स’खाली यू-ब्लॉक्सचं नाव शोधा, राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग उपलब्ध यादीतून निवडण्याचा पर्याय, आणि त्यात ‘यूएसबी सिरियल डिव्हाइस’. आता तो ‘पोर्ट्स’खाली कॉम ३, कॉम ५ असा दिसेल. तो क्रमांक लिहून ठेवा. रिसीव्हर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावलात तर क्रमांक बदलू शकतो, म्हणून खाच ठरवून टाका.

दुसरं, प्रोलिफिकची जुनी चिप. बीयू-३५३एस४ सारख्या रिसीव्हरमध्ये पीएल२३०३ ही यूएसबी-सिरियल चिप असते. तिची जुनी आवृत्ती असेल तर विंडोजचा नवा ड्रायव्हर ती चालवायला नकार देतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं. तिथे त्याच यादीतून प्रोलिफिकची जुनी ड्रायव्हर आवृत्ती निवडावी लागते. विंडोज अपडेटने ती पुन्हा बदलली जाऊ शकते. निघायच्या आदल्या दिवशी एकदा तपासा.

तिसरं, बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग. बीयू-३५३एस४ मुळात ४८०० वर बोलतो, यू-ब्लॉक्सची आठव्या पिढीची चिप सिरियल जोडणीवर ९६०० वर. सॉफ्टवेअरमध्ये वेगळा आकडा असेल तर कचरा अक्षरं येतात किंवा काहीच येत नाही.

चौथं, एका वेळी एकच. विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. तपासणीसाठी उघडलेलं छोटं साधन मागे चालू राहिलं तर नेव्हिगेशनला ‘पोर्ट वापरात आहे’ असं उत्तर मिळतं. लिनक्सवर ही अडचण नाही, कारण तिथे जीपीएसडी ही सेवा रिसीव्हर वाचते आणि २९४७ या पोर्टवरून हव्या तितक्या प्रोग्रॅमना वाटून देते. पण लिनक्सवर मोडेममॅनेजर ही सेवा नव्या सिरियल पोर्टला मोडेम समजून चाचपडते आणि सुरुवातीचे काही सेकंद गोंधळ होतो. थोडं थांबून जीपीएसडी पुन्हा सुरू केलं की सुटतं.

## रिसीव्हर लावल्यापासून माउसचा बाण आपोआप पडद्यावर उड्या मारतोय!

व्हायरस नाही, घाबरू नका. रिसीव्हर लावून ठेवून विंडोज सुरू केलं तर त्याच्याकडून येणारा सिरियल डेटा पाहून विंडोजला तो जुना सिरियल माउस वाटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘माइस’खाली ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ असं नाव दिसेल. रिसीव्हर काढू नका. आधी त्या नावावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. ‘अनइन्स्टॉल’ केलं तर पुढच्या वेळी तो पुन्हा उगवतो. बाण फारच नाचत असेल तर कीबोर्डवरच्या टॅब आणि बाणांच्या कळांनी तिथवर पोहोचा.

## उपग्रह सापडायला इतका वेळ का लागतो?

बराच काळ बंद राहून सुरू झालेला रिसीव्हर प्रत्येक उपग्रहाची कक्षा त्याच उपग्रहाकडून उतरवून घेतो. ती माहिती ३० सेकंदांच्या चौकटीत येते आणि मध्ये खंड पडला तर पुढच्या चौकटीची वाट बघावी लागते. उभ्या गाडीत, उघड्या आकाशाखाली हे एखाद-दोन मिनिटांत होतं. तळघराच्या पार्किंगमधून लावून थेट रस्त्याला लागलात तर इमारतींच्या आडोशामुळे खंड पडत राहतो आणि दहा मिनिटंही जातात. सोसायटीच्या दारात दोन मिनिटं थांबा, रिसीव्हरचा दिवा लुकलुकायला लागला की निघा.

काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर संकेत दबतो. अशा गाडीत रिसीव्हर मागच्या काचेखाली ठेवून बघा, किंवा वायर दारातून काढून चुंबकाने टपावर बसवा. अर्थात तो पावसाला टिकणारा असेल तरच.

रिसीव्हर नेमकं काय सांगतोय ते पाहायचं असेल तर कोणत्याही टर्मिनल प्रोग्रॅममध्ये पोर्ट उघडा. एनएमईए नावाच्या जुन्या पद्धतीच्या ओळी दर सेकंदाला येतात. त्यातली ‘आरएमसी’ने संपणाऱ्या नावाची ओळ बघा. नावानंतर वेळ असते, समजा ०५२४१०, म्हणजे जागतिक वेळ ५ वाजून २४ मिनिटं १० सेकंद. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली १०:५४:१०. पुढचं अक्षर ‘ए’ असेल तर स्थान पक्कं, ‘व्ही’ असेल तर अजून नाही. त्यापुढे अक्षांश १८३१.२२४० असा दिसतो. हे १८ अंश ३१.२२४ मिनिटं आहे. मिनिटांना ६० ने भागलं की १८.५२०४ अंश, म्हणजे पुणे. हाच आकडा नुसता टिंब सरकवून १८.३१२२ असा वाचला, आणि रेखांशाचंही तसंच केलं, तर तुम्ही पुण्यापासून चाळीस-एक किलोमीटरवर, तोरण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यांत पोहोचता. बाण सतत ठरावीक अंतराने चुकीच्या जागी दिसत असेल तर हेच कारण आधी तपासा.

आणखी एक: नवे रिसीव्हर ओळीची सुरुवात ‘जीपी’ऐवजी ‘जीएन’ने करतात, कारण ते अनेक प्रणाली मिसळून वापरतात. जुन्या सॉफ्टवेअरला फक्त ‘जीपी’ कळतं. ओळी येत असूनही सॉफ्टवेअर ‘संकेत नाही’ म्हणत असेल तर रिसीव्हरला त्याच्या सेटिंगमधून केवळ जीपीएस वापरायला सांगा.

## रिसीव्हर तारीख वीस वर्षांपूर्वीची दाखवतोय. बिघडला का?

जीपीएस आठवड्यांचा क्रमांक १० बिटमध्ये पाठवतं. १०२४ आठवडे झाले की मोजणी शून्यावर येते. असं १९९९ आणि २०१९ मध्ये झालं. जुना रिसीव्हर मग साडेएकोणीस वर्षं मागची तारीख सांगतो. स्थान सहसा बरोबरच येतं, पण प्रवासाची नोंद आणि फोटोंची वेळ जुळवायची असेल तर असा रिसीव्हर बदला.

## नकाशा ताजा आहे की जुना, हे कसं ओळखायचं?

सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी जुना नकाशा तुम्हाला जुन्याच रस्त्याने नेणार. विकत घ्यायच्या किंवा दौऱ्यावर न्यायच्या आधी या चाचण्या घ्या.

समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला. नागपूर ते भिवंडी असा मार्ग काढा. तो इगतपुरीत समृद्धीवरून उतरून कसारा घाटाने जात असेल तर नकाशा त्या तारखेच्या आधीचा आहे. शिवडी ते चिर्ले मार्ग काढा. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तो दिसला पाहिजे. मनाली ते केलाँग काढा. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला अटल बोगदा सोडून रोहतांगवरून नेत असेल तर तो नकाशा लगेच बाजूला ठेवा.

नावंही तपासा. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर शोधून सापडत नसतील तर औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर टाकावं लागेल. महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले. मुंबई-गोवा १७ चा ६६ झाला, पुणे-बेंगळुरू ४ चा ४८. जुनी माणसं रस्ता विचारल्यावर अजून जुनाच क्रमांक सांगतात, तेव्हा दोन्ही माहीत असलेले बरे.

## मग सॉफ्टवेअर कोणतं?

क्यूमॅपशॅक हा आमचा पहिला सल्ला. मोफत, मुक्तस्रोत, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून घडवलेल्या मुक्त नकाशावरून तयार केलेले गार्मिन धाटणीचे नकाशे त्यात ऑफलाइन उघडतात, मार्गही ऑफलाइन काढता येतो, आणि उंचीची फाइल जोडली तर घाटाचा चढ-उतार आलेखात दिसतो. शिकायला एक संध्याकाळ जाते. मेनू भरगच्च आहेत आणि पहिल्यांदा उघडल्यावर नकाशाच दिसत नाही, कारण नकाशांचं फोल्डर आधी दाखवावं लागतं आणि मग यादीतल्या नकाशावर राइट क्लिक करून तो ‘ॲक्टिव्हेट’ करावा लागतो. पुष्कळजण इथेच हार मानून परततात. तेवढी पायरी ओलांडा. हा प्रामुख्याने आखणीचा प्रोग्रॅम आहे, वळणाच्या आवाजी सूचना त्याच्याकडून अपेक्षू नका.

गार्मिन बेसकॅम्प विंडोज आणि मॅकवर मोफत आहे आणि तुमच्याकडे गार्मिनचं उपकरण असेल तर सरळ तेच घ्या. कंपनीने त्याचा विकास थांबवला आहे, तरी चालतं. साध्या यूएसबी रिसीव्हरवरून चालू स्थान मात्र ते दाखवत नाही.

लॅपटॉपच्याच तोंडून वळणं ऐकायची असतील आणि लिनक्स असेल तर प्युअर मॅप्स आणि त्याच्या जोडीला ओएसएम स्काउट सर्व्हर बसवा. दोन्ही फ्लॅटहब या लिनक्सच्या ॲप भांडारात आहेत, सगळं ऑफलाइन चालतं. स्थान ते थेट पोर्टवरून न घेता प्रणालीच्या लोकेशन सेवेमार्फत घेतात, त्यामुळे रिसीव्हर त्या सेवेला जोडण्याचं काम आधी करून ठेवा. नॅव्हिट हाही मुक्तस्रोत पर्याय आहे आणि तो थेट जीपीएसडीशी बोलतो. त्याच्या सगळ्या सेटिंग एका एक्सएमएल फाइलमध्ये हाताने लिहाव्या लागतात. ज्याला अशा फाइलची सवय आहे त्यानेच त्याच्या वाटेला जावं. ऑरगॅनिक मॅप्स लिनक्सवर बसतं, पण त्याची घडण फोनसाठीची आहे.

फोनसाठी ऑसमँड ठेवा. लॅपटॉपवर आखलेला मार्ग जसाच्या तसा पाळणारं ऑफलाइन ॲप म्हणून त्याला तोड नाही.

## विंडोजमधलं मॅप्स ॲप किंवा जुनी स्ट्रीट्स अँड ट्रिप्सची सीडी चालेल का?

नाही. मायक्रोसॉफ्टने स्ट्रीट्स अँड ट्रिप्स, ऑटोरूट आणि मॅपपॉइंट २०१४ मध्येच बंद केले, नकाशे तिथेच थांबलेत. विंडोजचं मॅप्स ॲपही २०२५ मध्ये काढून टाकण्यात आलं. विंडोजवर अँड्रॉइड ॲप चालवायची मायक्रोसॉफ्टची सोयही मार्च २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे त्या वाटेने ऑसमँड लॅपटॉपवर आणायच्या जुन्या सूचना आता निरुपयोगी आहेत.

## गूगल मॅप्स लॅपटॉपवर का नको?

आखणीला जरूर वापरा. रहदारी, हॉटेलं, पंपांची माहिती त्याच्याइतकी कुठे मिळत नाही. पण ब्राउझरमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवता येत नाही आणि चालत्या गाडीत वळणांच्या सूचनाही मिळत नाहीत. एका मार्गात दहाच ठिकाणं बसतात, आणि काढलेला मार्ग जीपीएक्स फाइल (मार्ग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची फाइल) म्हणून बाहेर काढायची अधिकृत सोय नाही. गूगलवर बघा, ठरवा, आणि मार्ग पुन्हा क्यूमॅपशॅकमध्ये आखा.

## ऑफलाइन मार्ग काढायला नेमकं काय उतरवून ठेवायचं?

क्यूमॅपशॅकमध्ये ब्राउटर हे मार्ग काढणारं इंजिन जोडता येतं. त्याला जावा हे सॉफ्टवेअर लागतं. त्याचा डेटा ५ बाय ५ अंशांच्या चौकोनांत मिळतो आणि चौकोनाचं नाव त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून असतं. पूर्व ७०, उत्तर १५ या एका चौकोनात मुंबई, पुणे, कोल्हापूर, जवळपास सगळं कोकण आणि बराचसा गोवा येतो. पण काणकोणचं दक्षिण टोक १५ अंशांच्या खाली आहे, त्यासाठी उत्तर १० चा चौकोनही घ्या. छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर ७५ रेखांशाच्या पलीकडे, म्हणजे पुढच्या चौकोनात. धुळे पूर्व ७०, उत्तर २० मध्ये, नागपूर पूर्व ७५, उत्तर २० मध्ये. नाशिक तर २० अक्षांशाच्या रेषेवरच आहे, तिथे दोन्ही लागतात. एखादा चौकोन राहिला की मार्ग सीमेवर येऊन थांबतो आणि कारण चटकन कळत नाही.

ब्राउटर मुळात सायकलस्वारांसाठी घडवलेलं आहे. गाडीसाठी ‘कार-फास्ट’ प्रोफाइल निवडायला विसरू नका, नाहीतर ते शेतातल्या पाणंदीने काढेल.

उंचीच्या फाइल एकेका अंशाच्या असतात. उत्तर १८, पूर्व ७३ या फाइलमध्ये लोणावळा, पुणे, रायगड सगळं येतं. नकाशासाठी जिओफॅब्रिक या संकेतस्थळावर ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाचे भारतातले विभागवार भाग मिळतात. महाराष्ट्र-गोव्यासाठी सबंध देश न घेता पश्चिम विभाग पुरतो.

हे सगळं उतरवून झाल्यावर वायफाय बंद करा आणि एक मार्ग काढून बघा. नेट चालू असताना घेतलेली चाचणी चाचणी नव्हे.

## सगळ्यात जवळचा मार्ग मागितला तर सॉफ्टवेअर भलत्याच रस्त्याने का नेतं?

कारण तुम्ही ‘जवळचा’ मागितला. चार किलोमीटर वाचवायला ते गावातल्या बोळातून, एकेरी डांबरी पट्टीवरून नेतं. नेहमी ‘जलद’ निवडा. आणि त्याने सांगितलेल्या वेळेवर घाटात निम्मा वेळ आणखी धरा, कारण वेग रस्त्याच्या प्रकारावरून धरलेला असतो, नागमोडी वळणं आणि पुढे रांगणारे ट्रक त्यात नसतात.

बंद रस्ते ऑफलाइन इंजिनला कळत नाहीत. भोर ते महाड असा मार्ग काढलात तर ते वरंधा घाटाने नेईल, आणि पावसाळ्यात दरडींमुळे प्रशासन तो घाट बंद ठेवतं. अशा जागेवर नकाशात ‘नोगो’ क्षेत्राचं वर्तुळ काढून ठेवा, म्हणजे इंजिन तिथून वाट काढणारच नाही. मोटारसायकलवाल्यांनी ‘मोटरवे टाळा’ हे लक्षात ठेवून लावावं. समृद्धीवर आणि मुंबई-पुणे द्रुतगतीवर दुचाकीला मनाई आहे, पण गाडीचं प्रोफाइल बिनदिक्कत तिकडेच पाठवतं.

## आखलेला मार्ग फोनमध्ये नेला की बदलतो. का?

जीपीएक्स फाइलमध्ये मार्ग दोन तऱ्हांनी साठतो. ‘रूट’ म्हणजे फक्त काही खुणेचे बिंदू. त्यांच्यामधला रस्ता पुढचं उपकरण स्वतःच्या नकाशाने पुन्हा काढतं. ‘ट्रॅक’ म्हणजे मीटर-मीटरची आखलेली रेघ, जी बदलत नाही. तुम्ही ताम्हिणीमार्गे माणगाव आखलंत, मध्ये एकही बिंदू ठेवला नाहीत आणि रूट म्हणून पाठवलंत, तर फोन खुशाल खोपोलीवरून नेईल.

म्हणून निर्यात करताना ट्रॅक निवडा. रूटच पाठवायचा असेल तर ज्या फाट्यावर दुसरा रस्ता फुटतो, त्याच्या एक-दोन किलोमीटर पुढे, रस्त्याच्या बरोबर मध्यावर एक बिंदू ठेवा. दुभाजक असलेल्या महामार्गावर झूम करून बघा. बिंदू पलीकडच्या बाजूवर पडला तर उपकरण पुढच्या यू-टर्नपर्यंत नेऊन परत आणतं.

रोजची फाइल वेगळी ठेवा, नाव ‘०३ रत्नागिरी मालवण’ असं क्रमाने द्या, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये टाका.

## गावाचं नाव मराठीत शोधता येतं का?

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावांसाठी स्वतंत्र रकाना आहे, मोठ्या गावांना तो भरलेला सापडतो, वाड्या-वस्त्यांना बहुतेक नसतो. रोमन लिपीतही वेंगुर्ला-वेंगुर्ले असे घोळ असतातच. मुक्कामाची ठिकाणं नावाने शोधायची वेळ ऐनवेळी येऊ देऊ नका. घरूनच अक्षांश-रेखांश टाकून खुणा करून ठेवा. आणि तुमच्या गावाचं मराठी नाव नसेल तर खातं उघडून स्वतः घाला. पुढच्या नकाशात ते सगळ्यांना मिळतं.

## गाडीत लॅपटॉप चार्ज कसा करायचा?

गाडीच्या १२ व्होल्टच्या खाचेला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. ६५ वॅटचा यूएसबी-सी कार चार्जर त्यातून सहा अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे आरामात बसतो. चार्जरवर ‘पीडी’ (यूएसबी-सीवरून जास्त वीज देण्याची पद्धत) आणि ६५ वॅट एकाच पोर्टसाठी लिहिलंय का ते बघा. अनेक स्वस्त चार्जर सगळ्या पोर्टांची बेरीज छापतात. इन्व्हर्टर शक्यतो टाळा, वीज दोनदा बदलण्यात वाया जाते. इंजिन सुरू करताना व्होल्टेज खाली येतं आणि काही चार्जर अडकतात, तेव्हा गाडी सुरू झाल्यावरच पिन लावा. इंजिन बंद करून दोन-तीन तास लॅपटॉप चालवला तर छोट्या गाडीची बॅटरी स्टार्टरला पुरणार नाही इतकी उतरू शकते.

## लॅपटॉप ठेवायचा कुठे, आणि पोलीस अडवतील का?

सहप्रवाशाच्या मांडीवर, किंवा सीटच्या बोल्टला घट्ट बसणाऱ्या स्टँडवर. डॅशबोर्डवर कधीच नाही. तिथे एअरबॅग असते, आणि ती उघडली की लॅपटॉप तोंडावर येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या बदलानुसार चालकाला हातातलं साधन फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येतं. चालकासमोर उघडा लॅपटॉप हे त्या अटीत बसवणं अवघड आहे. रात्री पडद्याचा उजेड काचेत परावर्तित होतो, तेव्हा गडद रंगाचा नकाशा लावा आणि उजेड अगदी कमी ठेवा.

## लडाखला नेताना वेगळं काय बघायचं?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. मनाली-लेह रस्त्यावर लांबच लांब पट्टे नेटवर्कशिवाय जातात, तेव्हा सगळा नकाशा आधीच लॅपटॉपवर आणि फोनवर असायलाच हवा.

दुसरी गोष्ट हार्डडिस्कची. फिरत्या तबकडीच्या डिस्कचं डोकं हवेच्या पातळ थरावर तरंगतं, आणि अशा बहुतेक डिस्क सुमारे ३,००० मीटरपर्यंतच वापरायच्या असतात. लेह शहरच ३,५०० मीटरवर आहे, खारदुंग ला त्याहून कितीतरी वर. जुना लॅपटॉप नेणार असाल तर आधी एसएसडी बसवून घ्या. फोटोंसाठी बाहेरून जोडायची डिस्क नेत असाल तर तीही एसएसडीच हवी.

## परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण आणलं तर चालेल?

फक्त संकेत घेणारा जीपीएस रिसीव्हर भारतात वापरायला काही अडचण नाही. पण उपग्रहाकडे संदेश पाठवणारी साधनं, म्हणजे सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखी, दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळांवर अशा उपकरणांवरून परदेशी पर्यटकांवर गुन्हे दाखल झाले आहेत. अमेरिकेत किंवा युरोपात ट्रेकला ती सर्रास नेतात, त्यामुळे ती सामानात आहे हेही लक्षात राहत नाही. येणाऱ्याला तिकीट काढतानाच सांगा, की ते घरी ठेवून ये.